शिडीचं लायसन

सरांची मला लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागले तर तुम्ही फार विश्वास ठेवणार नाही. भिलाईत, वैशाली नगरात आमच्याच गल्लीत त्यांचं घर. बाजारातून येताना ते समोरून दिसले की मी भाजीची पिशवी सांभाळत दुसऱ्या गल्लीत शिरायची, कारण ते हाक मारायचे. साधी हाक नव्हे. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, शाळेतल्या हजेरीसारखं सगळं, भर रस्त्यात. "अर्ध्या नावानं हाक मारली तं माणूस अर्धाच येते," म्हणायचे.

तसे ते कोणाचेच सर नव्हते. वर्ध्याकडचे, स्टील प्लांटच्या कंप्यूटर विभागात होते. मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसले आणि समोरच्या खोलीत एक कंप्यूटर आणि किंचाळणारा एक प्रिंटर आणून ठेवला. चार मुलं शिकायला यायला लागली, म्हणून सर. अंगात घरचा पायजमा आणि पायात नोकरीतले सेफ्टी बूट. ते बूट घालून ते देवळातसुद्धा जायचे, म्हणजे दारापर्यंत. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर कंप्यूटरच्या तोंडाशी लावलेला असायचा, तोही विनापाण्याचा, कारण ओल लागली तर मशीन बिघडते. त्यांची बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरात पदरानं वारा घेत म्हणायच्या, "माह्यात पण काही तार-बीर जोडा म्हणा, मंग मलेही हवा भेटन."

पण गल्लीत त्यांची खरी ख्याती होती ती शिडीची. लोखंडी होती, स्वतः वेल्डिंग करून बनवलेली, आणि कोणीही मागितली की द्यायचे. देताना अट सांगायचे. शिडी परत आणायची नाही. पुढं जो मागेल त्याला द्यायची आणि त्यालाही हीच अट सांगायची. काय वाटेल ते करा, तोडा, जोडा, रंग लावा, पण 'माझी आहे, देत नाही' असं कोणी म्हणायचं नाही. आता अशी वस्तू कोणाच्या घरी टिकते? शिडी गल्लीतून गेली, पार कैंप-एकच्या वस्तीत दिसली म्हणे, मग खुर्सीपारच्या वस्तीत कोणाच्या तरी छपरावर. सर स्वतः दिवाळीचे दिवे लावायला स्टुलावर चढायचे आणि काकू खालून स्टूल धरून बडबडायच्या. मग एका संक्रांतीला एक माणूस सायकलला बांधून शिडी घेऊन आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की इथं लागते आहे. शिडीला वर दोन नव्या पायऱ्या जोडलेल्या होत्या आणि खाली रबर बसवलेलं होतं. सर तिच्याभोवती फेऱ्या घालायला लागले. "पाहा, सुधारून आली! घरी ठेवली असती तं सडली असती."

"अहो, पण दिवाळीत आपलेच दिवे स्टुलावर उभं राहून लावले न," काकू म्हणाल्या.

मी तेव्हा बीएस्सी होऊन घरी होते. घरी म्हणजे काय, तर लग्नाच्या प्रतीक्षेत. बाबा प्लांटमध्ये क्लार्क. त्यांना वाटलं मुलीला कंप्यूटर येतो असं बायोडाटात लिहिता येईल, म्हणून त्यांनी मला सरांकडे धाडलं. सरांना त्या दिवसांत एकच वेड होतं. त्यांना त्या प्रिंटरवर मराठी छापायचं होतं. प्रिंटरला इंग्रजी यायचं, आपलं नाही. त्यासाठी ते एक लायब्ररी लिहीत होते. पुस्तकांची नव्हे बरं. कंप्यूटरवाले ज्याला लायब्ररी म्हणतात तो प्रोग्रामचा एक तयार तुकडा असतो, दुसऱ्या कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडून वापरता येतो. सरांची लायब्ररी जोडली की कोणाचाही प्रोग्राम मराठी-हिंदी छापणार, असा बेत होता.

सगळा कोड सरांनी लिहिला, पण अक्षरं त्यांच्या हातात नव्हती. त्यांचा 'क' पोट सुटलेल्या माणसासारखा दिसायचा. मग ग्राफ पेपर माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तू काढ. जिथं काळं पायजे तिथं चौकट भर. बाकीचं मी पाहतो."

मी काढायला लागले आणि त्यात बुडाले, खरं सांगते. दुपारच्या दुपार मी चौकटी भरायची. एक ठिपका इकडचा तिकडे केला की 'भ' हसतो की रडतो ते ठरायचं. 'ज्ञ'नं तर मला रडवलं. आणि 'ळ'! भिलाईत 'ळ'ला कोणी वाली नव्हता. पाट्या हिंदी, टाइपरायटर हिंदी, आमच्या काळे मास्तरांचे सगळीकडे 'काले' झाले होते. मी तो 'ळ' इतक्या वेळा काढला की झोपेत मला त्याचे दोन डोळे दिसायचे. शेवटी प्रिंटर किंचाळला आणि कागदावर तो उमटला, काळाभोर, भरलेला. सर तो कागद फाडून काकूंना दाखवायला आत घेऊन गेले. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं, आणि ते मला तेव्हा कळलंही नाही.

मग लायसन आलं. सरांचा कुठलासा भाचा इंजिनियरिंग कॉलेजातून फ्लॉप्या घेऊन आला. त्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यासोबत एक लांबलचक इंग्रजी मजकूर. दुसऱ्या कोणी वाचला नसता. सरांनी तो पोथीसारखा वाचला, पाटावर बसून. आणि एकदम ओरडले, "अवो, इकडे या! हे तं आपल्या शिडीचं निंघालं!"

खरंच तसंच होतं ते. घ्या, वापरा, आत काय आहे ते उघडून पाहा, बदला, वाटा. पण पुढच्याला देताना त्यालाही हीच मोकळीक द्यायची, आणि ज्यानं केलं त्याचं नाव काढून टाकायचं नाही. काकू ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "यात काय नवीन? मी विरजण नेत नाही का पाटलीणबाईकडून? दही माह्या घरचं. पण उद्या कोणी वाटी घेऊन आलं तं नाही म्हणता येते का मले?"

"तेच! तेच!" सर म्हणाले. "विरजणाचं लायसन!"

त्यांनी ते मराठीत उतरवलं आणि लायब्ररीच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर चिकटवलं, खाली स्वतःचं नाव. मूळ मजकुरात एक वाक्य होतं की सूचना ठळकपणे सोबत असावी. सरांनी ते इतकं मनावर घेतलं की लायब्ररीतून जो कागद छापला जाईल त्याच्या तळाशीसुद्धा, बारीक अक्षरात, तो मजकूर आपोआप उमटेल अशी सोय करून ठेवली. लायसन प्रोग्रामला असतं, त्यातून निघालेल्या कागदाला नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. एवढा हुशार माणूस! पण शिडी म्हटली की त्यांना भान राहत नसे.

आणि नेमका तेव्हाच बाबांनी माझा बायोडाटा सरांकडून छापून घेतला. मराठीत, टापटीप, नागपूर-गोंदियाच्या लोकांवर छाप पडेल असा. बाबांनी वरचं सगळं चष्मा लावून तपासलं. उंची, गोत्र, रंग गहूवर्णी, कंप्यूटर येतो. तळाचं बारीक त्यांनी पाहिलं नाही. पाकिटं गेली.

गोंदियाहून उत्तर आलं. 'मुलगी पसंत पडण्यासारखी आहे. मात्र खालच्या मजकुराचा खुलासा व्हावा.'

खालचा मजकूर असा होता: 'हे जसे आहे तसे देण्यात येत आहे. कोणत्याही प्रकारची हमी नाही. घेणाऱ्याने हवा तो बदल करावा आणि पुढे वाटावे.'

बाबा तो कागद हातात घेऊन खाटेवर बसले. आई आधी रडली, मग मलाच म्हणाली, "तू तिथंच बसून होती न दिवसभर? मंग तुले दिसलं नाही?" नागपूरच्या मामीनं शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करून विचारलं, पोरीला काही आजार-बिजार आहे का. मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. भाजीवाली दारात यायची तर मी आत जायची. जसं काही तिनंही वाचलं होतं.

बाबा सरांशी भांडायला गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागद पाहिला, पांढरे पडले. "भाऊ, चुकलंच माहं," म्हणाले आणि पाट घेऊन पुन्हा लायसन वाचायला बसले. बाबा उभेच. असा माणूस!

त्या दुसऱ्या वाचनानंच सगळा घोळ झाला. कागदावरची सूचना तर त्यांनी काढून टाकली. पण वाचता वाचता त्यांना दिसलं की लायसन ज्याचं काम त्यानंच लावायचं असतं. आणि अक्षरं काही त्यांचं काम नव्हतं.

इकडं माझं जमत आलं होतं. मुलाकडचे रेल्वेतले, मूळ नागपूरकडचे, दुर्गला क्वार्टर. बायोडाटाचा तो मजकूर त्यांनी हसण्यावारी नेला, म्हणून बाबा त्यांच्यावर फार खूश. मंडळी बोलणी करायला आली होती, पोहे झाले होते, होणाऱ्या सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या आणि मी जमिनीकडे. तेवढ्यात दारात सेफ्टी बूट.

"सर, पाहुणे आहेत. उद्या या," बाबा म्हणाले.

"काम आजचं आहे, भाऊ." बूट काढून सर आत आले. बाबांकडे नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, मी तुही चोरी केली."

सासऱ्यांच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच राहिला. माझ्या कानशिलातून वाफ निघायला लागली. आता हे काय म्हणतील, देवा!

"अक्षरं तुही, अन् लायसन मी लावलं. वाटा म्हटलं, बदला म्हटलं, सगळ्यायले देऊन बसलो. दुसऱ्याची शिडी मी गावाले देली." आणि त्या पिकल्या केसांच्या माणसानं सगळ्यांसमोर दोन्ही कान धरले. "आता तू सांग. तुही परवानगी आहे का? असली तं तुहं नाव लावतो फाइलीवर, पुरं. नसली तं अक्षरं काढून घेतो. तू म्हणशीन तसं."

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं हो. बीएस्सीला विषय कोणता, हे बाबांनी ठरवलं होतं. अंगावरची साडी आईनं काढून दिली होती. हे पाहुणे येणार, हेही मला आदल्या दिवशी कळलं. विचारलं की उत्तर द्यायचं असतं, आणि ते कुठून काढायचं हेच मला माहीत नव्हतं.

"बाबांना विचारा," मी म्हणाले.

"अक्षरं बाबानं काढली का?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तेवढं हवं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

सासूबाईंनी विचारलं, "नाव लावणार म्हणजे? ते दुकानादुकानात फिरणार?"

"फिरन न. जिथं जिथं अक्षरं जातीन, तिथं नाव जाईन. कोणाले काढता येणार नाही. तीच तं अट आहे."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे घसा खाकरून म्हणाले, घरच्या मुलीचं नाव असं बाजारात बरं दिसत नाही. बाबा घाईघाईनं म्हणाले, "घ्या हो ती अक्षरं, सर. नावगिव काही नको. मी सांगतो न, माझी परवानगी आहे."

"तुमची नाही चालत, भाऊ," सर म्हणाले. मग मला, "घाई नाही, बाई. मी थांबतो." बूट घातले आणि गेले.

मी एक शब्द बोलले असते तर! 'नको' म्हटलं असतं तरी त्या माणसाचं समाधान झालं असतं. पण मी पदर बोटाला गुंडाळत बसले. लाज सरांची वाटत होती की माझी, ते तेव्हा वेगळं करता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर सायकलवर निघाले. ज्यांना ज्यांना फ्लॉपी दिली होती त्यांच्याकडून परत मागायला. कैंप-एकच्या प्रेसवाल्यानं गिऱ्हाइकांसमोर टाळी वाजवून सांगितलं, "बुढ़ऊ फ्लॉपी वापस माँग रहे हैं! कहते हैं, एक लड़की से पूछना भूल गए!" ती लड़की कोण, हे भिलाईतल्या सगळ्या मराठी घरांना लगेच कळलं. आईनं मला लग्नापर्यंत कैंपच्या बाजारात पाठवलं नाही.

लग्नात सर आले. माझे ग्राफ पेपर सुतळीनं बांधून आणले होते. "तुहं तुले," म्हणाले. इतरांनी साड्या दिल्या, कुकर दिले.

गृहप्रवेशाला आमच्याकडची मोजकी माणसं दुर्गला गेली होती, त्यात सर होतेच. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. आमच्यात तशी रीतच आहे, आडनावासोबत पहिलं नावही बदलतात. सासूबाईंनीच निवडलं होतं. सर मागून वाकून पाहत होते. मोठ्यानं विचारलं, "हे कोण?"

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "आता हेच. बायोडाटावर तुम्हीच तं लिहिलं होतं न, हवा तो बदल करावा!"

आणखी हशा. मीही हसले. एकटे सर तेवढे हसले नाहीत. त्यांची मान खाली गेली, आणि ती तशी गेलेली मी पाहिली. आपल्या हातून काहीतरी भलतंच छापलं गेलं, असा तो चेहरा होता.

त्यानंतर लायब्ररीचं काय झालं, ते काकूंकडून कळायचं. सरांनी माझी अक्षरं काढून टाकली आणि उरलेली लायब्ररी लायसन लावून वाटली. कोण घेणार? प्रोग्राम चालायचा, प्रिंटर किंचाळायचा, कागद सरकायचा आणि अक्षरांच्या जागी नुसती मोकळी जागा सोडायचा. "दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या न अक्षरं," काकू म्हणायच्या. सर म्हणायचे, "थांबतो म्हटलं न तिले."

दुर्गहून भिलाई ती काय लांब? पण माहेरी गेले की मी सरांच्या घरावरून जायचं टाळायची. एकदा गाठलंच त्यांनी. नवरा सोबत होता आणि सरांनी रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, जुनीच, पुरी. मी म्हणाले, "सर, आता ते नाव नाही राहिलं." ते म्हणाले, "मंग त्या 'ळ'ची मालकीण कोण?" नवऱ्यानं घरी येताना विचारलं, 'ळ'चं काय म्हणत होते? मी म्हटलं, काही नाही, डोकं फिरलंय त्यांचं. असं म्हणाले मी.

पुढं चांगले कंप्यूटर आले, त्यांत मराठी अक्षरं तयारच यायला लागली. वळणदार, हवी तेवढी मोठी. माझ्या चौकटींची आता कोणालाच गरज उरली नाही. हायसं वाटायला हवं होतं. पण एका रात्री मी पेटीतून ग्राफ पेपर काढून पाहिले आणि 'ळ'चा कागद कितीतरी वेळ हातातून सुटेना.

आईनं कळवलं, सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, जाऊन ये. मी नवऱ्याला घेऊन गेले. पिशवीत डाळिंबं होती, आणि डाळिंबांच्या खाली ते कागद.

सर खाटेवर बसले होते, डोळ्यांवर हिरवी पट्टी. कंप्यूटर त्याच कोपऱ्यात, अंगावर चादर घेऊन. मी पाया पडले.

"कोण?"

मी नाव सांगितलं. सासरचं.

"या नावाची माह्या ओळखीची कोणी नाही."

"अहो, असं काय करता? आवाज ओळखू येत नाही का?" काकू आतून म्हणाल्या.

"आवाज ओळखीचा आहे. नाव नाही."

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. इतक्या वर्षांत ते नाव मी तोंडानं उच्चारलंच नव्हतं. कोणाचं तरी चोरलेलं घेते आहे अशा आवाजात मी सांगितलं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव.

"हं. बस," सर म्हणाले. "आता पुरी आली."

मी खाटेच्या काठावर बसले. डोळे भरून आले होते, आणि त्यांना दिसत नव्हतं याचंच बरं वाटलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तो प्रोग्राम अजून मोकळी जागाच छापते."

"सर, आता कोणाला लागतो तो?"

"उपयोग कोण विचारून राहिलं? मी परवानगी विचारून राहिलो." आणि मी तोंड उघडायच्या आत, पट्टीखालून मिश्कील हसत, "का बाबाले विचारू?"

"नाही," मी म्हणाले. आवाज माझ्याच कानाला मोठा वाटला. काकू दाराशी आल्या. "अक्षरं मी काढली. परवानगी माझी आहे. नाव लावा, पुरं. अक्षरं काढली तेव्हाचं लावा, तांदळातलं नको."

सरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मंग तूच टाइप कर," म्हणाले. "मले दिसत नाही."

नवऱ्यानं उठून कंप्यूटरवरची चादर काढली. मी डाळिंबं काकूंना दिली आणि कागद घेऊन खुर्चीवर बसले.